काळ्या यादीतील निर्दोष

प्रशासनात काही वर्षे काढलेल्या माणसाला 'काळी यादी' या शब्दाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. पुरवठादाराने निकृष्ट माल दिला, कंत्राटदाराने काम अर्धवट सोडले, की त्याचे नाव यादीत जाते आणि पुढच्या निविदांचे दरवाजे त्याला बंद होतात. नाव घालण्यास एक टिपणी पुरते. काढण्यासाठी फाइलीला अनेक टेबलांचा प्रवास घडतो. या यादीचे एक भावंड १९९७ पासून ई-मेलच्या जगात नांदत आहे. त्याला स्वतंत्र कायद्याचा आधार नाही, कोणत्या सरकारचे अधिष्ठान नाही. तरीही जगभरातील असंख्य टपाल-सर्व्हर दारात आलेले पत्र आत घेण्यापूर्वी अशा एखाद्या यादीला विचारतात, 'हा पाठवणारा कसा आहे?' आणि उत्तर प्रतिकूल आले की पत्र उंबरठ्यावरूनच परत जाते.

या याद्यांनी किती स्पॅम अडवला, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्यांच्या इतिहासात रस वाटतो तो वेगळ्या प्रश्नामुळे. अडवलेल्यांत जे निर्दोष होते त्यांची दाद कोणी घेतली, आणि त्यांची संख्या कमी करण्याचा मार्ग कसा सापडत गेला? तंत्रज्ञ या चुकीला 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणतात. दोषी सुटणे ही एक चूक आणि निर्दोष अडकणे ही दुसरी. संख्याशास्त्राच्या पहिल्याच धड्यात या दोन चुका शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. व्यवहारात मात्र त्यांची किंमत वेगवेगळ्या माणसांच्या खिशातून जाते. स्पॅम आत आला तर तो साहेबांना दिसतो, साहेब चिडतात, संगणक विभागाला जाब विचारला जातो. खरे पत्र अडले तर आतल्या कोणालाच काही दिसत नाही. न आलेल्या पत्राची तक्रार कोण करणार? एखाद्या कार्यालयात रोज एक हजार खरी पत्रे येतात आणि यादी हजारात एकदाच चुकते, असे समजू. वर्षाच्या अडीचशे कामकाजी दिवसांत अडीचशे खरी पत्रे नाकारली गेली. त्यांत कोणाची निविदा होती, कोणाचा नोकरीचा अर्ज होता, कोणाच्या मुलाच्या प्रवेशाचा होकार होता, हे आत बसलेल्याला कधीच कळणार नाही. ज्याला चुकीची किंमत मोजावी लागत नाही, तो ती चूक कमी करण्यासाठी धडपडत नाही, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

आता मूळ कथेकडे येऊ. नको असलेले पहिले सामूहिक ई-पत्र ३ मे १९७८ रोजी गेले असे मानतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण धाडले होते. त्यानंतर बराच काळ हा उपद्रव किरकोळच राहिला. १९९४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील कँटर व सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात युजनेटच्या हजारो चर्चागटांत टाकली आणि या धंद्यात पैसा आहे हे अनेकांच्या ध्यानी आले. टपाल-सर्व्हरांची जुनी शिष्टाई त्यांच्या पथ्यावर पडली. त्या काळी कोणताही सर्व्हर कोणाचेही पत्र पुढे पोहोचवून देत असे. वाटेवरच्या वाटसरूची चिठ्ठी पुढल्या गावी नेऊन द्यावी तसा हा सौजन्याचा भाग होता. यालाच 'ओपन रिले' म्हणत. स्पॅम धाडणाऱ्यांनी या सौजन्याचा फुकटचा टांगा केला.

पॉल व्हिक्सी हे नाव इंटरनेटच्या नामव्यवस्थेशी, म्हणजे डीएनएसशी, निगडित आहे. त्यांनी डेव्ह रँड यांच्यासह कॅलिफोर्नियात १९९७ मध्ये उपद्रवी पत्त्यांची यादी सुरू केली. संस्थेचे नाव मेल अब्यूज प्रिव्हेन्शन सिस्टिम, संक्षेपाने मॅप्स. हा शब्द इंग्रजीत उलटा वाचला की स्पॅम होतो. त्यांची यादी 'रिअलटाइम ब्लॅकहोल लिस्ट' किंवा आरबीएल म्हणून प्रसिद्ध झाली. ती वितरित करण्यासाठी थोड्याच दिवसांत डीएनएसचाच उपयोग होऊ लागला, आणि ही युक्ती इतकी सोपी होती की आजही तीच चालते. पाठवणाऱ्या यंत्राच्या आयपी पत्त्याचे चार आकडे उलट क्रमाने लिहायचे, त्यापुढे यादीचे नाव जोडायचे आणि डीएनएसला विचारायचे. उत्तर आले, बहुधा १२७.०.०.२ असे, तर पत्ता यादीत आहे. 'असे नावच नाही' असे कळले तर तो यादीत नाही. सगळा व्यवहार सेकंदाच्या अल्पांशात आटोपतो. पत्राचा मजकूर कोणी वाचत नाही. पाठवणारा कोठे राहतो एवढेच पाहिले जाते. या पद्धतीचे बळ यात आहे आणि तिचा मुख्य दोषही यातच आहे.

मॅप्सच्या कारभारात आरंभी एक प्रकारची न्यायबुद्धी होती, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. कोणाचे नाव सुचवायचे तर तक्रारदाराने आधी संबंधित सेवादात्याशी संपर्क साधलेला असावा, पुरावा जोडावा, अशी अपेक्षा असे. नोंद करण्यापूर्वी माणसे समोरच्याशी बोलत. हे काम संथ होते आणि स्पॅमचा वेग त्याहून कितीतरी अधिक. शिवाय सेवादाता ऐकत नसेल तर त्याच्या पत्त्यांचा एक संपूर्ण पट्टाच यादीत घालण्याचे हत्यार मॅप्सने उचलले. मॅसॅच्युसेट्समधील मीडिया-थ्री ही संकेतस्थळांना जागा भाड्याने देणारी कंपनी होती. तिच्या काही ग्राहकांकडून स्पॅम पाठवण्याची साधने विकली जात होती, म्हणून शेजारचे अनेक पत्ते यादीत गेले. त्यांत पीसफायर ही संस्थाही सापडली, जिचे कार्यच इंटरनेटवरील अडवणुकीला विरोध करण्याचे होते! मीडिया-थ्री न्यायालयात गेली. २००१ च्या जानेवारीत तिला अंतरिम मनाई हुकूम नाकारण्यात आला.

अशा वादांत याद्यांच्या बाजूने नेहमी एकच युक्तिवाद असे, आणि तो ऐकायला निरुत्तर करणारा आहे. 'आम्ही कोणाचेही पत्र अडवत नाही. आम्ही केवळ आमचे मत प्रसिद्ध करतो. ते मानायचे की नाही, हा पत्र स्वीकारणाऱ्याचा अधिकार.' उलट स्वीकारणाऱ्याला विचारले तर तो म्हणे, 'आम्ही काय करणार, तुमचे नाव यादीत आहे.' निर्णय घेतला कोणी, या प्रश्नाला उत्तरच नाही. सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या कोणालाही हा अनुभव ओळखीचा वाटेल. शिफारस करणारा म्हणतो मी केवळ शिफारस केली. मंजुरी देणारा म्हणतो मी शिफारशीप्रमाणे वागलो. अधिकार दोघांनी वाटून घेतला आणि जबाबदारी मधल्या बोळात पडून राहिली. माझ्या मते या याद्यांतील चुकांचे मूळ गणितात कमी आणि या बोळात अधिक आहे.

१९९८ नंतर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. न्यूझीलंडमधील अ‍ॅलन ब्राऊन यांची ऑर्ब्ज ही यादी ओपन रिले शोधून काढी. कोणी स्पॅम पाठवला आहे की नाही हे न पाहता, दार उघडे आहे एवढ्यावरून नोंद होई. जे आपल्या यंत्रांची तपासणी करू देत नसत त्यांचीही नावे तीत जात. चोरी झाली म्हणून शिक्षा वेगळी आणि कडी लावली नाही म्हणून शिक्षा वेगळी, हा भेद पुसला गेला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे एक संस्थापक जॉन गिलमोर यांनी तर तत्त्व म्हणून आपले दार उघडे ठेवले होते. त्यांच्या सर्व्हरलाही याद्यांची झळ लागली. न्यूझीलंडमधील दोन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २००१ मध्ये ऑर्ब्ज बंद पडली. ओपन रिलेंचा प्रश्न पुढे सुटला, आणि त्याचे बरेच श्रेय एका साध्या बदलाला द्यावे लागेल: सेंडमेल या सर्वाधिक प्रचलित टपाल-प्रणालीने १९९८ च्या ८.९ या आवृत्तीपासून परक्याची पत्रे पुढे नेणे मूळ मांडणीतच बंद केले. ज्या प्रश्नावर काळ्या यादीने इतके रण माजवले, तो कारखान्यातून निघतानाच कडी लावलेले दार दिल्याने पुष्कळ हलका झाला. धोरण आखणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतरचे प्रकरण स्प्यूजचे. २००१ मध्ये सुरू झालेली ही यादी कोण चालवते हेच कोणाला ठाऊक नव्हते. पत्ता नाही, दूरध्वनी नाही, अर्ज करण्याची जागा नाही. तक्रार असेल तर एका सार्वजनिक चर्चागटात मांडावी आणि अज्ञात संचालक ती वाचत असतील अशी आशा करावी. तेथे याचकाचे स्वागत बहुधा टोमण्यांनी होई. स्प्यूजचे धोरण उघडपणे चढत्या दंडाचे होते. आधी दोषी पत्ता, मग त्याच्या शेजारचे, मग संपूर्ण सेवादाता. निरपराध ग्राहकांना त्रास व्हावा हाच हेतू, म्हणजे ते आपल्या सेवादात्यावर दबाव आणतील. चूक म्हणून नव्हे, साधन म्हणून निर्दोषाला अडकवणे असा हा प्रकार होता. सामुदायिक दंडाची कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमलात गावोगावी राबवली गेली. तिचे समर्थनही याच शब्दांत होत असे. तिच्यामुळे गुन्हे घटले की गावे सरकारवर रुष्ट झाली, याची चर्चा येथे नको.

याच काळात काही सर्व्हर-चालकांनी चीन किंवा कोरिया अशा देशांचे सगळेच पत्ते अडवणाऱ्या याद्या वापरल्या. २००४ च्या अखेरीस व्हेरायझन या अमेरिकी कंपनीने युरोपातून येणारे टपाल इतक्या सरसकट अडवले की तिच्या ग्राहकांनीच तिला न्यायालयात खेचले आणि पुढे तडजोड करावी लागली. येथे प्रथमच आत बसलेल्यांनी न आलेल्या पत्रांची तक्रार केली, म्हणून त्या खटल्याचे मला विशेष महत्त्व वाटते.

याद्यांचा मृत्यूदेखील निर्दोषांना महाग पडे. ओसिरूसॉफ्ट ही यादी स्प्यूजच्या नोंदीही वितरित करी. २००३ च्या ऑगस्टमध्ये तिच्यावर स्पॅमवाल्यांनी वाहतुकीचा भडिमार केला तेव्हा तिच्या चालकाने दुकान बंद करताना सगळ्या जगालाच यादीत घातले. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: 'होय, वाईट आहे.' ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये रीतसर घोषणा करून थांबली. पण असंख्य सर्व्हर मेलेल्या यादीला प्रश्न विचारतच राहिले, म्हणून २५ मार्च २००८ पासून तीही सर्वांना 'होय' म्हणू लागली. एएचबीएलने हाच मार्ग १ जानेवारी २०१५ रोजी अवलंबला. चालकांची बाजूही समजून घ्यायला हवी. सेवा फुकट होती, तिचा खर्च एखाद्या हौशी माणसाच्या खिशातून जाई, आणि बंद केल्याची सूचना वाचायला समोर कोणी नसे. ज्या कार्यालयात पाच वर्षांपूर्वी कोणी तरी एक ओळ लिहून यादी जोडली आणि तो माणूस बदलून गेला, तेथे ती ओळ तशीच चालत राही. आपल्याकडील कालबाह्य परिपत्रकांची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

न्यायालयांचा यात उपयोग किती झाला? स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये लंडनमध्ये उभारलेली स्पॅमहाउस ही पुढे सर्वांत प्रभावी संस्था ठरली. ई-थ्रीसिक्स्टी इनसाइट या कंपनीने अमेरिकेतील इलिनॉयच्या न्यायालयात तिच्यावर दावा लावला. लंडनच्या संस्थेने अमेरिकी न्यायालयाचा अधिकारच मान्य केला नाही, म्हणून २००६ मध्ये तिच्याविरुद्ध एकतर्फी १ कोटी १७ लाख १५ हजार डॉलरची भरपाई ठरली. अपिलानंतर ती २०१० मध्ये २७,००२ डॉलरवर आली आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने तीन डॉलर एवढीच शिल्लक ठेवली. नुकसानीचा आकडा कंपनीला सिद्ध करता आला नव्हता. तीन डॉलरांच्या या निकालावर पुष्कळ हशा झाला. मला त्यातून एवढेच दिसते की अडलेल्या पत्राची किंमत न्यायालयात शाबीत करणे किती अवघड आहे. खरोखरीच्या निर्दोष अर्जदारालाही ते तितकेच अवघड गेले असते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न, अर्थात कंत्राटदारांच्या संदर्भात, निराळ्या बाजूने हाताळला आहे. एरुशियन इक्विपमेंट विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या प्रकरणात १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने म्हटले की काळ्या यादीत नाव घालण्याने माणसाच्या प्रतिष्ठेवर व व्यवहारावर परिणाम होतो, म्हणून आधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. २०१३ मधील कुलजा इंडस्ट्रीजच्या प्रकरणात बीएसएनएलने कायमची बंदी घातली होती. न्यायालयाने बंदीचा अधिकार मान्य केला, पण 'कायमची' हा शब्द मात्र पुसायला लावला. बंदीला मुदत हवी आणि ती अपराधाच्या मानाने हवी. २०१४ मधील गोरखा सिक्युरिटीच्या निकालाने आणखी एक पायरी जोडली. कारणे दाखवा नोटिशीत काळ्या यादीचा उल्लेख असलाच पाहिजे, अन्यथा समोरच्याने उत्तर द्यायचे कशाचे? सूचना, कारण, सुनावणी, प्रमाण, मुदत हे शब्द प्रशासन-प्रशिक्षणाच्या वर्गात कंटाळवाणे वाटतात. ई-मेलच्या याद्या चालवणाऱ्यांनी आमचे निकाल वाचले असण्याची शक्यता नाही; पण त्याच पाच शब्दांपर्यंत तेही ठेचा खात खातच पोहोचले.

मुदतीचे तत्त्व प्रथम स्पॅमकॉपने रूढ केले. १९९८ मध्ये ज्युलियन हेट यांनी सुरू केलेल्या या सेवेत सामान्य माणसे तक्रारी नोंदवत. तक्रारी थांबल्या की साधारण चोवीस तासांत नोंद आपोआप गळून पडे. गुन्हेगाराची ओळख कायमची नव्हे, आजची. त्या पद्धतीचा दोषही लवकरच दिसला: ज्या वार्तापत्राची वर्गणी स्वतः नोंदवली, तेही नकोसे झाले की लोक 'स्पॅम' म्हणून कळवत. परदेशातील वा परप्रांतातील एखाद्या महाराष्ट्र मंडळाचा सचिव गणेशोत्सवाची पत्रिका पाचशे सभासदांना एकदम पाठवतो, तेव्हा सभासदत्व सोडण्याचा दुवा शोधण्याऐवजी स्पॅमचे बटण दाबणारे दहा जण त्या मंडळाचे पुढचे पत्र सर्वांसाठी अडवू शकतात. आपणांपैकी ज्यांनी असे सचिवपद भूषवले आहे त्यांना अधिक सांगणे नलगे. म्हणून स्पॅमकॉपचा स्वतःचाच सल्ला असे की या यादीच्या जोडीला विश्वासू पत्त्यांची यादी ठेवावी.

पुराव्याच्या बाबतीत मोठी सुधारणा झाली ती सापळा-पत्त्यांमुळे. जो पत्ता कोणा माणसाचा नाही, ज्याने कोठेही नाव नोंदवलेले नाही, त्यावर पत्र आले तर पाठवणाऱ्याकडे परवानगी असणे शक्यच नाही. कंपोझिट ब्लॉकिंग लिस्ट अशा सापळ्यांवर चाले. नोंद एकेका पत्त्याची, शेजाऱ्याची नाही. बाधित संगणक साफ केला की मालक स्वतःच नाव काढून घेऊ शके, कोणाचे पाय धरावे लागत नसत. २००४ मध्ये स्पॅमहाउसने ती आपल्या एक्सबीएल यादीत सामावून घेतली. येथे एक महत्त्वाची गोष्ट घडली. स्पॅमहाउसने 'वाईट' या एका शब्दाचे तुकडे केले. एसबीएल म्हणजे ज्ञात स्पॅमवाले. एक्सबीएल म्हणजे विषाणूने पछाडलेली यंत्रे. आणि २००७ पासून पीबीएल, म्हणजे ज्या घरगुती जोडण्यांवरून थेट सर्व्हराप्रमाणे टपाल येण्याचे कारण नाही असे पत्ते. प्रत्येक यादीचे उत्तर वेगळ्या आकड्याने येते. पीबीएलमध्ये नाव असणे हा आरोपच नाही, केवळ वर्गवारी आहे. तुम्ही काय केले आणि तुम्ही कोण आहात, हे दोन प्रश्न वेगळे झाले. माझ्या मते चुका कमी होण्यात कोणत्याही सूत्रापेक्षा या विभागणीचा वाटा मोठा आहे.

दुसरी सुधारणा स्वीकारणाऱ्यांच्या बाजूने आली. २००१ मध्ये आलेल्या स्पॅमअ‍ॅसॅसिनने पत्राला गुण देण्याची पद्धत रुळवली. यादीत नाव असेल तर इतके गुण, मजकूर संशयास्पद असेल तर तितके. बेरीज पाचावर गेली तरच पत्र स्पॅम. यादी न्यायाधीशाच्या आसनावरून उठून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आली. एका साक्षीवर फाशी नाही, हा जुनाच नियम आहे. गुणपद्धतीने निर्दोष वाचले हे खरे, पण तिने एक नवी अडचणही आणली. दारातून नाकारलेले पत्र पाठवणाऱ्याला कारणासह परत मिळते. रजिस्टर पत्रावर 'घेण्यास नकार' असा शेरा येतो तसेच. संशयाच्या कप्प्यात टाकलेल्या पत्राचा मात्र कोणालाच पत्ता लागत नाही. पाठवणारा समजतो पोहोचले, घेणारा समजतो आलेच नाही. या दोहोंत मला उघड नकार अधिक प्रामाणिक वाटतो. पुष्कळ तंत्रज्ञ याच्या उलट मानतात.

भारतात या प्रश्नाने वेगळे रूप घेतले. २०१२ मध्ये सोफॉस या कंपनीच्या गणनेत स्पॅमचा उगम म्हणून भारत जगात पहिला आला. आपल्याकडे स्पॅमसम्राट निपजले होते असे नव्हे. नवी ब्रॉडबँड घेतलेल्या घरांतले, विषाणू-रोधकाविना चालणारे संगणक परक्यांच्या ताब्यात गेले होते. परिणामी भारतीय पत्त्यांचे विस्तृत पट्टे याद्यांत राहिले. ईशान्येकडील एका राज्यात नियुक्तीवर असताना आमच्या कार्यालयाची परदेशी संस्थेला जाणारी पत्रे आठवडेच्या आठवडे परत येत होती. कार्यालयाने भाडेपट्ट्याची स्थिर जोडणी घेतली होती, पैसेही त्याचेच मोजले होते; परंतु सेवादात्याने त्या पत्त्यांना उलट शोधासाठी नावेच दिलेली नव्हती, म्हणून यादीने तो पट्टा घरगुती समजून वर्गीकृत केला होता. सेवादाता म्हणे यादी आमची नाही. यादी म्हणे पट्ट्याची माहिती सेवादात्यानेच दुरुस्त करावी. अखेर जिल्ह्याच्या ठिकाणचा एक तरुण अभियंता रात्री बसून दोन ओळींची नोंद करून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून पत्रे जाऊ लागली. तोवर एका प्रस्तावाची मुदत टळली होती.

कायद्यानेही आपल्याकडे हात घालून पाहिला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या ६६अ कलमात त्रास वा गैरसोय व्हावी म्हणून पाठवलेली ई-पत्रेही गुन्ह्याच्या कक्षेत होती. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले, कारण 'त्रास' कशाला म्हणायचे याची सीमाच नव्हती. व्याख्या सैल असली की निर्दोष आत येतो, मग ती व्याख्या संसदेने केलेली असो वा एखाद्या हौशी सर्व्हर-चालकाने.

इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजांत या सगळ्या अनुभवाचे सार दोन ठिकाणी उतरले. फेब्रुवारी २०१० च्या आरएफसी ५७८२ मध्ये जॉन लेव्हिन यांनी एक छोटासा, पण फार चतुर नियम लिहून ठेवला: प्रत्येक यादीत १२७.०.०.२ हा पत्ता असलाच पाहिजे आणि १२७.०.०.१ हा पत्ता कधीही असता कामा नये. सर्व्हराने अधूनमधून दोन्ही विचारून पाहावेत. पहिल्याला 'नाही' आले तर यादी मेली आहे. दुसऱ्याला 'होय' आले तर तिने सगळ्या जगालाच दोषी ठरवले आहे. ओसिरूसॉफ्ट व ओआरडीबीच्या प्रसंगांवर याहून स्वस्त विमा सापडणार नाही. जानेवारी २०१२ च्या आरएफसी ६४७१ ने यादी-चालकांचे आचरण सांगितले: निकष जाहीर करा आणि तेच पाळा, नोंदीचा पुरावा जपा, नोंदींना मुदत घाला, नाव काढण्याचा मार्ग उघडा ठेवा, शेजाऱ्यांना मुद्दाम गोवणार असाल तर तसे स्पष्ट लिहा, बंद करताना जगाला यादीत घालू नका. यांपैकी काहीही बंधनकारक नाही. तरी ज्या याद्या हे पाळतात त्यांना मोठे सेवादाते विचारतात आणि ज्या पाळत नाहीत त्या हळूहळू एकट्या पडतात. बाजाराने शिस्त लावल्याचे हे एक बऱ्यापैकी उदाहरण आहे, जरी त्याला पंधरा वर्षे लागली.

प्रश्न संपला असे नाही. २०११ मध्ये आशिया-प्रशांत विभागातील जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा मुक्त साठा सरला आणि एकेका पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवण्याची वेळ आली. एका संगणकाच्या दोषाने सगळी चाळ यादीत जाते, आणि चाळीतल्या कोणालाही आपण कोणाबरोबर राहतो हे ठाऊक नसते. नव्या आयपी-सहा पत्त्यांत उलट अडचण आहे: एकेका घराला इतके पत्ते मिळतात की सुटा पत्ता अडवणे निरर्थक ठरते आणि पुन्हा पट्टेच अडवावे लागतात. काही चुका तर केवळ निष्काळजीपणाच्या आहेत. सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारणाऱ्यांना स्पॅमहाउस आता '१२७.२५५.२५५.२५४' असे वेगळे उत्तर देते, ज्याचा अर्थ 'तुमची विचारण्याची वाट चुकली आहे' एवढाच. परंतु ज्या सर्व्हराला उत्तर वाचायचे नसते, उत्तर आले एवढेच पाहायचे असते, तो याला 'दोषी' समजून आलेले प्रत्येक पत्र परतवतो.

या सगळ्यात लहानांचे काय झाले हा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. गुगल वा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरांवरूनही स्पॅम येतो, पण त्यांचे पत्ते सरसकट अडवण्याची हिंमत कोणी करत नाही. केले तर अडवणाऱ्याच्याच ग्राहकांचे टपाल थांबेल. स्वतःचा टपाल-सर्व्हर चालवणारे छोटे महाविद्यालय, सहकारी संस्था, तालुक्यातील निर्यातदार यांना मात्र कोणीही सहज अडवू शकते. चुकीच्या नोंदीशी दोनदा झगडल्यावर बहुतेक जण हिशेब करतात आणि आपले टपाल मोठ्यांच्या स्वाधीन करतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या तीन ओळखपत्रांची सक्ती केली. त्यामुळे पत्ता कोणाचा यापेक्षा स्वाक्षरी कोणाची याला वजन आले, आणि शेजाऱ्याच्या पापाची झळ त्या मानाने कमी झाली. पण ही ओळखपत्रे नीट बसवायलाही जाणता माणूस लागतो, आणि तो तालुक्याला सहज मिळत नाही.

सॉर्ब्ज ही ऑस्ट्रेलियात सुरू झालेली जुनी यादी. नाव काढण्यासाठी धर्मादाय देणगी मागण्याच्या तिच्या जुन्या रिवाजामुळे ती एके काळी बरीच टीकेची धनी झाली होती. पुढे ती हातोहात विकली गेली आणि ५ जून २०२४ रोजी प्रूफपॉइंट या तिच्या अखेरच्या मालक-कंपनीने ती बंद केली. या वेळी जगाला यादीत घालण्यात आले नाही. नोंदी रिकाम्या करण्यात आल्या. विचारणाऱ्याला 'असे नाव नाही' एवढेच उत्तर मिळू लागले, आणि जे सर्व्हर आजही सवयीने तिला विचारतात, त्यांच्या दारातील पत्रे निदान तिच्यामुळे तरी अडत नाहीत.